गोळी घेतली नसेल तर दोन दाबा

गिरणीवाल्या काकूंविषयी शेजारपाजारचे लोक एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगत. समोरचा शिंपी म्हणे, "काकू नुसत्या कुजबुजल्या तरी माझ्या सुईतला दोरा तुटतो." किराणावाल्याची बायको म्हणे, "त्या बोलायला लागल्या की आम्हा नवराबायकोला आमचं भांडण आवरतं घ्यावं लागतं. आपण काय बोलतोय तेच ऐकू येत नसेल तर भांडून फायदा काय?" आणि बदली होऊन आलेल्या शाळामास्तरांनी पहिल्याच आठवड्यात मोठ्या अदबीने चौकशी केली होती, की गावात भोंगा नेमका किती वाजता होतो, म्हणजे त्याप्रमाणे घड्याळ लावता येईल. तेव्हापासून काकूंचे नाव 'भोंगा' पडले. अर्थात ते त्यांच्या पाठीमागे, आणि तेही गिरणी चालू असतानाच घेतले जाई.

यात काकूंचा दोष थोडा आणि गिरणीचा अधिक होता. लग्न होऊन आल्यापासून त्यांची उभी हयात त्या पत्र्याच्या छपराखाली गेली होती. मोटरची घरघर, पट्ट्याची फटफट आणि दगडांची गुरगुर या सगळ्यांच्या वरून "जाड हवं की बारीक?" एवढा एक प्रश्न गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवायचा, तर आवाज पोटातूनच काढावा लागे. नवरा गेल्यावर गिरणी त्यांनी एकटीने चालवली. पट्टा निसटला तर तोही स्वतःच चढवला. पुढे पुढे मोटर बंद झाली तरी आवाजाला ते कळेनासे झाले, आणि तो आहे त्याच पट्टीत राहिला.

आश्चर्य याचे, की सगळ्या गावाला ऐकू येणारा हा आवाज एका विटेच्या भिंतीपलीकडे मात्र जात नसे. त्या भिंतीपलीकडे काकूंची धाकटी जाऊ राहत होती.

दोघा भावांनी घराची वाटणी करताना मधोमध ही भिंत घातली होती. भाऊ दोघेही गेले, भिंत राहिली. धाकटीची मुले शहरात नोकरीला होती. काकूंना मूलबाळ नव्हते. म्हणजे एका छपराखाली दोन बाया, दोन चुली आणि मध्ये अबोला. तो का धरला गेला, हे गावात लहान मुलालाही ठाऊक होते. एकदा धाकटीकडे पाहुणे जेवायला बसले असताना पहिल्याच घासाला ती सर्वांदेखत म्हणाली होती, "जाऊबाईंच्या पिठात आज कचकच लागतेय."

गिरणीवालीला पिठात कचकच आहे म्हणणे म्हणजे काय, हे ज्याने गिरणी चालवली त्यालाच कळेल. काकू ताटावरून उठल्या आणि आपल्या दारातून आत गेल्या. त्या दिवसापासून दोघींमध्ये शब्द नाही. धाकटीही काही कमी नव्हती. ती दळणाचा डबा घेऊन बसने शेजारच्या गावच्या गिरणीत जाऊ लागली. गावात घरचीच गिरणी असताना डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसलेली धाकटी हा गावाच्या करमणुकीचा एक कायमचा विषय झाला. कंडक्टर डब्याचे तिकीट मागत नसे, पण डब्याची खुशाली जरूर विचारी.

काकू दिवसभर गिरणीत गरजत आणि घरी आल्या की तोंडाला कुलूप लावत. आपला शब्द चुकूनही भिंतीपलीकडे जाऊन धाकटीला कुणाशी तरी बोलल्याचे समाधान मिळू नये, इतका त्यांचा बंदोबस्त कडक होता. पातेले खाली ठेवतानासुद्धा त्या ते फडक्यावर ठेवत.

अशात गावात प्रकल्प आला.

गिरणीच्या शेजारच्या खोलीत सरकारी आरोग्य केंद्र होते. एक टेबल, एक खाट, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि एक सिस्टर. सिस्टर शहाणी आणि सोशिक बाई होती; गिरणीच्या भिंतीला लागून बसून लोकांच्या छातीचे ठोके ऐकायचे, तर तिला सोशिक असणे भागच होते. प्रकल्प असा होता, की गावात ज्यांना रक्तदाब नाहीतर साखर आहे, त्यांना रोज सकाळी मोबाईलवर फोन येईल. कॉम्प्युटरमधला आवाज विचारील, गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा. दाबलेले सगळे आकडे शहरातल्या ऑफिसात जातील, आणि कुठे कोण औषध टाळतो आहे ते तिथे बसल्या बसल्या दिसेल.

पहिला आवाज शहरातल्या एका मुलीचा होता. "नमस्कार! आपण आज आपली गोळी घेतलीत का?" इतक्या गोड आवाजात आजवर गावाला फक्त लॉटरी लागल्याचे खोटे फोन आले होते, त्यामुळे निम्म्या गावाने तो लगेच बंद केला. शिंप्याने "कुणाची गं तू?" असे विचारून पाहिले आणि उत्तर न मिळाल्याने तो रुसला. किराणावाल्याच्या आईने मुलीला वेळेवर लग्न करून घेण्याविषयी चार शब्द सांगितले. गोळी कुणीच घेतली नाही.

"गावाला गोड आवाजाची सवय नाही," सिस्टरने ऑफिसला कळवले, "ज्या आवाजाला गाव भितो तो घ्या." तो कुणाचा, हे तिने भिंतीपलीकडच्या गिरणीकडे नुसते बोट करून सांगितले.

रेकॉर्डिंगसाठी शहरातून एकजण आला. कानाला मोठे हेडफोन, खांद्याला पिशवी. काकूंच्या धान्याच्या कोठीत पोत्यांच्या थप्प्यांमुळे आवाज घुमत नाही, हे ध्यानात येताच तो खूष झाला आणि लगोलग शिंकू लागला.

"काकू, जरा हळू बोला हं. यंत्राचा काटा लालमध्ये जातोय."

"हळूच बोलतेय. मोठ्यानं बोलले तर तुला हे यंत्र खिशात भरून न्यावं लागेल."

त्याने एक छापील कागद पुढे केला. काकूंनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "'कृपया आपली औषधे नियमितपणे घ्यावीत.' हे कोण बोलतं?"

"म्हणजे तुम्ही बोलायचं."

"मी मेले तरी असं बोलायची नाही. आणि बोलले तर लोकांना वाटेल, मी मेलेच."

कागद बाजूला राहिला. मग दुसरी अडचण आली. सर्वांना तुम्ही म्हणायचे की तू? रेकॉर्डिंगवाला म्हणाला, तुम्ही म्हणा, कुणाचाच अपमान नको. काकू म्हणाल्या, "अरे, पण 'तुम्ही' म्हणून रागावता येत नाही. सोयऱ्याशी बोलल्यासारखं वाटतं." शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. फोन उचलला की पहिल्यांदा ऐकू येई: "मी गिरणीवाली. माझ्याहून मोठं कुणी असेल तर माफी मागते, धाकटं असेल तर नीट ऐक. गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाब. नसेल घेतली तर दोन दाब, मग बघते."

एक दाबला, की काकू म्हणत: "बरं. ठेव फोन."

दोन दाबला, की मात्र त्या सुरू होत. "नाही घेतली? का नाही घेतली? विसरायला झालं म्हणू नकोस. जेवण विसरत नाहीस. दुसऱ्यानं कधीकाळी काय म्हटलं ते वर्षानुवर्षं विसरत नाहीस, आणि एवढीशी गोळी तेवढी लक्षात राहत नाही? ऊठ. पेलाभर पाणी घे. जा, मी थांबते." इथे काकू खरोखरच थांबल्या होत्या. पोत्याला टेकून, श्वास घेत, एखाद्याची वाट पाहावी तशा. मग आवाज एकाएकी खाली उतरे. "घेतलीस? हं. आता पोटात दोन घास घाल. उपाशी हिंडू नकोस. तुझं वाईट झालेलं मला बघायचं नाही."

हेडफोनवाल्याच्या मते हे फार लांबले होते. पण हे बोलताना काकू कोठीच्या कोपऱ्यातल्या एका रिकाम्या फळीकडे पाहत होत्या, आणि त्यांना पुन्हा बोलायला सांगण्याची त्याची छाती झाली नाही. त्या फळीवर पूर्वी धाकटीचा डबा असे. दळणाची कितीही गर्दी झाली तरी काकूंनी तिथे दुसऱ्या कुणाचा डबा ठेवू दिला नव्हता. विचारले तर म्हणत, "फळी हलते." फळी मुळीच हलत नव्हती.

फोन सुरू झाले आणि गावात एकदम शिस्त आली. तशी थोडी गडबडही झाली. काकू कॉम्प्युटरमधून बोलतात हे लोकांना समजावून सांगितले होते. ते समजलेही होते. फक्त पटले नव्हते. शिंपी एका सकाळी तावातावाने गिरणीत आला.

"काकू, सकाळी तुम्ही मला माझं म्हणणं पुरतं मांडू दिलं नाहीत."

"अरे, सकाळी मी तुझ्याशी बोललेच नाही!"

"वा! म्हणजे वर पुन्हा नाकबूल."

किराणावाल्याच्या आईने गुडघ्याचे दुखणे फोनमध्ये सविस्तर सांगितले, आणि अजून मलम कसे आले नाही म्हणून ती काकूंवर रुसून बसली. काकूंनी मलम नेऊन दिले. त्यावर म्हातारी म्हणाली, "उगाच लोक तुला मशीन म्हणतात."

पुढे ऑफिसने त्याच आवाजात इतरही निरोप पाठवायला सुरुवात केली. कडक उन्हाच्या दिवसांत काकूंनी फोनवरून बजावले, "ऊन उतरेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकलंस तर गाठ माझ्याशी आहे," आणि भर दुपारी शिवार असे ओस पडले, की गुरेसुद्धा बावरली. एक शेतकरी फोन आला तेव्हा नेमका झाडाखाली होता. तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला, कारण घरी जायचे तर उन्हात पाऊल टाकावे लागले असते. नळाच्या पाइपात गटाराचे पाणी शिरले तेव्हा सकाळीच आज्ञा झाली, "उकळल्याशिवाय पाणी तोंडाला लावू नकोस," आणि घरोघरच्या चुलींवर पातेली चढली. शेजारच्या गावात खाटा कमी पडल्या. या गावात कुणाचे पोटही बिघडले नाही. जीभ पोळल्याची तक्रार तेवढी एक-दोघांनी केली.

म्हणून प्रकल्पाच्या मॅडम शहरातून आल्या, तेव्हा आपले कौतुकच होणार असे काकूंना वाटले. त्यांनी डोक्याला बांधलेला पिठाचा फडका काढून धुतलेला बांधला आणि सिस्टरच्या खोलीत जाऊन खाटेवर बसल्या.

मॅडमनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर गावाचा नकाशा होता आणि घराघरावर एकेक ठिपका. एक दाबणाऱ्याचा हिरवा, दोन दाबणाऱ्याचा लाल. गाव मिरचीच्या वाफ्यासारखे लाल दिसत होते.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका," मॅडम म्हणाल्या, "पण तुमच्या आवाजानं लोक गोळ्या घेत नाहीयेत. आधीच्या मुलीच्या वेळी निदान लोक फोन तरी बंद करत होते. आता ते शेवटपर्यंत ऐकतात आणि शांतपणे सांगतात, की घेतली नाही."

"पण मॅडम," सिस्टर मध्ये पडली, "प्रेशर इथे येणाऱ्या सगळ्यांचं उतरलंय. मी स्वतः मोजते."

"वरच्या ऑफिसला प्रेशर दिसत नाही हो. ठिपके दिसतात."

आवाज बदलण्याचे जवळपास ठरलेच होते. काकूंनी ते बऱ्यापैकी शांतपणे ऐकून घेतले. गावाचा मूर्खपणा त्यांना नवा नव्हता. पण पडद्यावर त्यांना आपले घर सापडले, आणि घरातली भिंत सापडली, आणि भिंतीपलीकडचा ठिपका दिसला. इतरांचे ठिपके निदान अधूनमधून हिरवे होत असत, असे बाजूच्या पट्टीवर दिसत होते. या ठिपक्याची पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल होती.

"हा कुणाचा?"

सिस्टर हळूच म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंचा."

"एकदाही घेतली नाही?"

"फोनवर तर नाहीच म्हणाल्यात. आणि खरं काय ते मला कळणार कसं? केंद्र गिरणीला लागून, म्हणून त्या इथे पाऊल ठेवत नाहीत. गोळ्यासुद्धा दळणाला जातात तिथूनच आणतात. मी घरी गेले तर दारातून म्हणाल्या, 'गिरणीच्या बाजूनं आलेली माणसं मला नकोत.' काकू, मागे शिबिरात त्यांचं प्रेशर मोजलं होतं ना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवरून उठू दिलं नव्हतं. असं बिनगोळीचं चाललं, तर कधी काय होईल सांगता येत नाही."

कधी काय होईल, ते काकूंना सांगायची गरज नव्हती. धाकटीची आई याच दुखण्याने गेली होती. एक बाजू लुळी पडली, मग वाचा गेली. शेवटी ती लेकीकडे नुसती बघत राही, आणि धाकटी तिच्याशी बोलबोल बोले. त्या दिवसांत तिच्या आईला उचलून बसवायला दुसऱ्या बाजूने काकूच लागत.

"हट्टी मेली," काकू म्हणाल्या. त्या इतक्या हळू बोलल्या, की समोर शिंप्याचा दोरा तुटला नाही. "माझ्या तोंडून ऐकायचं म्हणून घेत नाही. मी सांगितलं म्हणून नाही घेणार. मरेल, पण माझं ऐकायची नाही." मग त्या मॅडमकडे वळल्या. "गावाचं काय करायचं ते करा. तिच्या फोनवरचा माझा आवाज आजच्या आज काढा. ती गोड मुलगी लावा. त्या मुलीचं तरी ऐकेल."

एका नंबरापुरता आवाज बदलता येत होता. हेडफोनवाल्याने शहरातून तो बदलला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकू न बोलता, न खाकरता, बादलीचाही आवाज न करता घरातून बाहेर पडल्या. सिस्टरने केंद्राचे दार उघडायच्या आधीच त्या पायरीवर हजर होत्या. आत जाऊन सिस्टरच्या टॅबवरच्या त्याच नकाशासमोर अशा बसल्या, जणू चुलीवर दूध ठेवले आहे आणि नजर हलली तर उतू जाईल. फोनची वेळ झाली. गावातले ठिपके एकेक करून लाल होऊ लागले. भिंतीपलीकडचा ठिपका आधी लुकलुकला, आणि मग करडा झाला.

"करडा म्हणजे काय?"

"बोलणं सुरू होताच फोन बंद केला."

"म्हणजे त्या मुलीचंसुद्धा ऐकत नाही?" काकूंना हे कळेना. धाकटीचे गोड बोलणाऱ्यांशी कधी वाकडे नव्हते. स्वतःही ती गोडच बोलत असे, आणि तीच तर काकूंची जुनी तक्रार होती. आता काय करावे, या विचारात त्या असतानाच रस्त्यावरून कुणीतरी पळत येत असल्याचा आवाज आला. पळणाऱ्याची पावले दोन वेगळ्या आवाजांची होती. एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायात रबरी बूट.

दारात धाकटी उभी राहिली. केस मोकळे, हातात मोबाईल, छाती भात्यासारखी वरखाली. अबोला धरल्यापासून तिने गिरणीच्या बाजूला पाऊल टाकले नव्हते. तिने खाटेवर बसलेल्या काकूंकडे पाहिले, टेबलावरच्या प्रेशरच्या यंत्राकडे पाहिले, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"सिस्टर," ती म्हणाली, "काय झालंय यांना?"

काकूंनीही सिस्टरकडेच पाहिले. "सिस्टर, तिला सांगा, मला काहीही झालेलं नाही."

"त्यांना विचारा, मग फोनवरचा आवाज कुठे गेला?"

"तिला सांगा, तिच्यासाठीच काढला. माझ्या आवाजानं तिला विष चढतं ना!"

"त्यांना सांगा, सकाळी फोनवर दुसरीच कुणीतरी बोलली. भिंतीला कान लावला, तर घरात हालचाल नाही. दार वाजवलं, तर उघडायला कुणी नाही. माणसानं काय समजायचं?"

"तिला सांगा, माणसानं आधी स्वतःचं बघायचं!"

सिस्टर दोघींच्या मध्ये उभी राहून मान इकडून तिकडे करत होती. गिरणीच्या दारात सकाळची गिऱ्हाइके जमली होती. ती आता केंद्राच्या खिडकीशी सरकली. गळ्यात टेप टाकून शिंपीही आला होता. शेवटी सिस्टरने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"मला या कामाचा पगार नाही," ती म्हणाली. "मी चहा प्यायला चाललेय. आता काय सांगायचं ते खाटेला सांगा."

ती खरेच निघून गेली. खोलीत दोघी उरल्या. धाकटी दाराशी, काकू खाटेवर. दोघींनाही दुसरीने बोलावे असे वाटत होते, आणि ते दोघींनाही कळत होते, म्हणून दोघीही गप्प होत्या.

तेवढ्यात धाकटीच्या हातातला मोबाईल वाजला. फोन अर्धवट तुटला तर कॉम्प्युटर थोड्या वेळाने पुन्हा लावतो, ही गोष्ट त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात नव्हती. दचकून धाकटीचे बोट कुठेतरी लागले आणि आवाज खोलीभर पसरला.

"नमस्कार! आपण आज आपली गोळी घेतलीत का?"

दोघी फोनकडे पाहत राहिल्या. "घेतली असल्यास कृपया एक दाबा," मुलगी म्हणाली, आणि आपली कृपया कृपया करीत पुढे बोलू लागली. काकूंना ते सहन झाले नाही. त्या खाटेवरून उठल्या, फोनवर वाकल्या आणि गिरणी चालू असल्यासारख्या ओरडल्या, "ए बाई, तू ठेव! तिला मी विचारते!"

खिडकीची काच हादरली. काकूंनी धाकटीच्या डोळ्यांत पाहिले. "घेतलीस का गोळी?"

"घेतली," धाकटी म्हणाली.

"आज घेतलीस. रोज?"

"रोज घेते, जाऊबाई. एक दिवस चुकवली नाही. घरी चला, रिकामी पाकिटं दाखवते."

"मग रोज दोन का दाबतेस?"

धाकटीने आपल्या पायांकडे पाहिले, एका पायातला बूट आणि दुसऱ्या पायातली चप्पल तिला आता कुठे दिसली, आणि त्यावर नजर ठेवूनच ती म्हणाली, "एक दाबलं की तुम्ही 'ठेव फोन' म्हणता."

"मग?"

"दोन दाबलं की बोलता. थांबते म्हणता. आणि थांबता."

काकूंनी तोंड उघडले. त्यातून काहीही बाहेर पडले नाही. गावाच्या आठवणीत असे पूर्वी कधी घडल्याचे कुणालाच सांगता आले नाही. खिडकीत शिंपी खाकरला. "काकू," तो चाचरत म्हणाला, "तसं बघायला गेलं तर मीपण घेतोच हो गोळी." किराणावाल्याची आई म्हणाली, "एक दाबल्यावर मेली धड चौकशीसुद्धा करत नाही ही. म्हातारपणी दुसरं कोण एवढं बोलतं आपल्याशी?" हळूहळू सगळी खिडकी कबूल झाली. गोळी सगळेच घेत होते. त्यांना फक्त इतक्यात फोन ठेवायचा नव्हता.

सिस्टर चहा पिऊन आली तेव्हा धाकटी खाटेवर बसलेली होती आणि काकू तिच्या दंडाला प्रेशरचा पट्टा उलटा बांधत होत्या. सिस्टरने तो सुलटा बांधला. पारा जिथे असायला हवा, तिथेच थांबला. पळत आल्यामुळे किंचित वर होता, एवढेच.

"पुन्हा पळालीस तर बघ," काकू म्हणाल्या.

"तुम्ही पुन्हा आवाज काढून घेतलात तर बघा," धाकटी म्हणाली. मग दंडावरचा पट्टा सोडवून देत, "आणि त्या तिकडच्या गिरणीच्या पिठात ना, जाऊबाई, दगड असतात."

काकू बराच वेळ पट्ट्याची घडी घालत राहिल्या. "त्या दिवशी मी दगडांना टाकी लावून नव्या खाचा पाडल्या होत्या," त्या अखेर म्हणाल्या. "टाकी लावल्यावर पहिल्या पिठात दगडाची कच येते, ते टाकून द्यायचं असतं. तुझे पाहुणे यायचे म्हणून घाई केली. कचकच होतीच." आणि मग, ही कबुली फार लांबू नये म्हणून, "पण ते चारचौघांत बोलायचं होतं का?"

"नव्हतं," धाकटी म्हणाली. तिचा डबा संध्याकाळी कोपऱ्यातल्या फळीवर आला.

मॅडमच्या ऑफिसला सिस्टरने काय कळवले ते तिलाच ठाऊक, पण हेडफोनवाला शिंकायला पुन्हा एकदा कोठीत येऊन गेला. आता गोळी घेऊन एक दाबणाऱ्यालाही काकू दोन शब्द जास्त ऐकवतात. जेवण झाले का ते विचारतात, गुडघ्याची चौकशी करतात, आणि मध्ये थोडा वेळ थांबतात. नकाशा हिरवा झाला. वरच्या ऑफिसला आनंद झाला. धाकटीला मात्र आता फोन येत नाही. तिच्या गोळीची चौकशी भिंतीवरून होते, आणि ती सगळा गाव ऐकतो. किराणावाल्याला आणि त्याच्या बायकोला आपले भांडण पुन्हा आवरते घ्यावे लागते.

गावाची एकच अडचण राहिली. एवढा अबोला सुटला, तर आधी कोण बोलले? काही म्हणत धाकटी, कारण पळत ती आली. काही म्हणत काकू, कारण गोळीचा प्रश्न त्यांनी विचारला. त्यावर गिरणीच्या दारात रोज वाद होई, आणि तंटा मिटवायला शेवटी शिंप्यालाच पुढे ढकलण्यात आले. त्याने मोटर थांबेपर्यंत वाट पाहिली आणि विचारले, "काकू, एकदाचं सांगून टाका. तुमच्या दोघींत आधी बोललं कोण?"

काकूंनी हातावरचे पीठ झटकले.

"मशीन. दळण आणलंयस, की नुसतंच तोंड घेऊन आलास?"